कलेक्टरही नको, आमदारही नको! वसंतराव नाईकांनी जिल्हा परिषदेचा कारभार कुणाच्या हातात दिला?

महाराष्ट्रात कुठल्याही जिल्ह्याच्या गावी गेलात तर दोन सरकारी कार्यालयं हमखास दिसतात. एक कलेक्टर कचेरी आणि दुसरी झेडपी, म्हणजे जिल्हा परिषद.

सातबारा, जमिनीचा वाद, निवडणूक, बंदोबस्त असं काही असेल तर लोक पहिल्या ठिकाणी जातात. गावातल्या शाळेचं छप्पर गळतंय, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, वस्तीपर्यंतचा रस्ता वाहून गेलाय, असं काही असेल तर दुसऱ्या ठिकाणी.

आता साधा प्रश्न पडतो. जिल्हा एकच आहे, तर कारभाराला दोन ठिकाणं कशाला? इंग्रजांच्या काळापासून कलेक्टर सगळा जिल्हा सांभाळत होताच की. मग शाळा, दवाखाने, रस्ते त्याच्या हातून काढून गावोगावच्या निवडून आलेल्या लोकांकडे कुणी दिले?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की एक नाव समोर येतं, ते म्हणजे वसंतराव नाईक.

नाईकांची ओळख बहुतेकांना दोन गोष्टींमुळे असते. एक, सलग अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री. दोन, हरितक्रांती आणि १ जुलैचा कृषी दिन. पण मुख्यमंत्री होण्याच्या आधी, महसूलमंत्री असताना त्यांनी एक काम केलं होतं. त्या कामामुळे राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्याचा कारभार बदलला. विशेष म्हणजे पुढे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्याच काळात त्या कामाला पहिला धक्काही बसला.

गहुलीच्या तांड्यावरचा पोरगा

१ जुलै १९१३. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली नावाचं छोटं गाव आहे, तिथे वसंतरावांचा जन्म झाला. घर बंजारा समाजातलं. वडिलांचं नाव फुलसिंग.

बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचा. रेल्वे आली, रस्ते झाले आणि हा व्यापार बसला. मग तांडे एकेका ठिकाणी स्थिरावले आणि शेती करू लागले. गहुली हे असंच तांड्यातून वसलेलं गाव.

तांड्याचा कारभार तांड्यातच चालायचा. प्रमुख असतो तो नाईक, त्याच्या मदतीला कारभारी. भांडणं, लग्नाचे तंटे, देण्याघेण्याचे वाद पंचांसमोर बसून मिटवायची पद्धत. वसंतरावांच्या घराण्याकडे तांड्याचं नाईकपण होतं आणि पुढे तेच त्यांचं आडनाव म्हणून महाराष्ट्रभर माहीत झालं.

त्या काळी तांड्यावरच्या पोराने शिकणं ही सोपी गोष्ट नव्हती. वसंतराव मात्र एकेक गाव बदलत शिकत गेले आणि पुढे नागपूरला पोचले. तिथे मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली आणि १९४० मध्ये वकिलीचं शिक्षण पूर्ण केलं.

वकिलीची सुरुवात केली अमरावतीला, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली. विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी झटणारा हा माणूस पुढे देशाचा कृषिमंत्री झाला. शेतीचे प्रश्न कायद्याच्या नजरेने कसे बघायचे, याचा धडा नाईकांना इथेच मिळाला. नंतर ते पुसदला आले आणि तिथेच वकिली करू लागले.

१९४१ मध्ये त्यांनी वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी नागपूरच्या ब्राह्मण घरातली, मुलगा बंजारा. आज ही बातमी झाली तरी कमेंट बॉक्समध्ये काय होईल ते सांगायला नको, तेव्हा तर १९४१ साल होतं. दोन्हीकडून कडाडून विरोध झाला. दोघं मागे हटले नाहीत.

नगराध्यक्ष ते मंत्री

१९४६ मध्ये नाईक पुसदचे नगराध्यक्ष झाले.

त्यांच्या राजकीय प्रवासातली ही पायरी महत्त्वाची आहे. राज्याच्या राजकारणात मोठं होण्याआधी या माणसाने एका तालुक्याच्या गावची पालिका चालवली होती. पाणी, गटारं, दिवाबत्ती, कर आणि कायम अपुरा पडणारा पैसा हे सगळं त्यांनी खुर्चीत बसून बघितलं होतं.

१९५२ च्या निवडणुकीत ते आमदार झाले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे त्यांची पहिली विधानसभा नागपूरची. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात नाईकांना आधी सहकार आणि मग कृषी खातं मिळालं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. नव्या राज्याचे महसूलमंत्री होते वसंतराव नाईक.

एक राज्य, पण कारभाराच्या तीन तऱ्हा

नवं राज्य झालं खरं, पण जिल्ह्यांचा कारभार तीन वेगवेगळ्या पद्धतींनी चालत होता.

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात जिल्हा लोकल बोर्डं होती. लॉर्ड रिपन या व्हाइसरॉयने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला आणि त्यानंतर १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात ही बोर्डं आली. सुरुवातीला त्यांचा अध्यक्ष कलेक्टरच असायचा. पुढे निवडून आलेले अध्यक्ष आले, पण बोर्डाकडे पैसा बेताचा आणि कामं मर्यादित. प्राथमिक शाळांसाठी तर वेगळं स्कूल बोर्ड होतं.

विदर्भात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा होत्या. त्यांचा सगळा भर तालुक्यावर.

मराठवाडा आला होता हैदराबाद संस्थानातून, त्यामुळे तिथली व्यवस्था आणखी वेगळी.

म्हणजे साताऱ्याच्या शेतकऱ्याने रस्त्यासाठी ज्या दारात जायचं, ते दार यवतमाळमध्ये नव्हतंच. आणि बीडमध्ये तिसरंच काहीतरी होतं. नव्या राज्याला एकच चौकट लागणार होती. प्रश्न होता तो कोणती?

दिल्लीचा सल्ला काय होता?

याच काळात दिल्लीतही या विषयावर चर्चा सुरू होती.

२ ऑक्टोबर १९५२ ला देशभर सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता. गावांचा विकास गावकऱ्यांच्या सहभागाने करायचा अशी कल्पना. प्रत्यक्षात योजना वरून यायच्या, अधिकारी त्या राबवायचे आणि गावकरी बघत बसायचे. हे का होतंय ते तपासायला १९५७ मध्ये बलवंतराय मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

मेहता समितीचं निदान असं होतं की, लोकांच्या हातात खरा अधिकार दिल्याशिवाय लोक कामात उतरणार नाहीत. तिने तीन पायऱ्या सुचवल्या. गावात ग्रामपंचायत, गटात पंचायत समिती, जिल्ह्यात जिल्हा परिषद. यात सगळ्यात दमदार संस्था असणार होती पंचायत समिती. जिल्हा परिषदेने वरून देखरेख करायची, सल्ला द्यायचा. तिच्या अध्यक्षपदी कलेक्टर असावा आणि सदस्यांमध्ये खासदार, आमदार असावेत, असंही मेहता समितीने सुचवलं होतं.

राजस्थानने बाजी मारली. २ ऑक्टोबर १९५९ ला नागौरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राजचं उद्घाटन झालं. पाठोपाठ आंध्र प्रदेश आला.

महाराष्ट्रालाही तोच नमुना उचलून लावता आला असता. पण चव्हाण सरकारने २७ जून १९६० ला, म्हणजे राज्य होऊन दोन महिने होण्याच्या आत, स्वतःची समिती नेमली. नाव लोकशाही विकेंद्रीकरण समिती आणि अध्यक्ष महसूलमंत्री वसंतराव नाईक. लोक तिला नाईक समिती म्हणूनच ओळखतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येक पोराला ही समिती, तिची तारीख आणि तिच्या २२६ शिफारशी पाठ असतात.

पण पाठ करायच्या नादात खरी गंमत सुटते. या समितीने दिल्लीचा सल्ला तीन मोठ्या मुद्द्यांवर फिरवला.

मुद्दा पहिला : ताकद जिल्ह्याकडे

१५ मार्च १९६१ ला अहवाल आला. मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर ठेवलेली ताकद नाईक समितीने उचलून जिल्ह्याकडे दिली.

कारण व्यवहारी होतं. शेती, आरोग्य, बांधकाम, शिक्षण अशा सगळ्या खात्यांची यंत्रणा जिल्ह्याला धरून उभी होती. इंजिनिअर, आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी असे जाणकार लोक जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, प्रत्येक तालुक्याला वेगळे परवडत नाहीत. शिवाय नियोजन करायचं तर पट्टा जरा मोठा लागतो. एका तालुक्यात पाऊस आहे, दुसऱ्यात दुष्काळ आहे. एकात रस्ते आहेत, दुसऱ्यात पायवाट. ही तफावत भरून काढायची तर दोन्ही तालुके एकाच टेबलावर दिसायला हवेत.

म्हणून जिल्हा परिषद मुख्य आणि पंचायत समिती तिचं तालुक्यातलं अंग, अशी रचना ठरली.

मुद्दा दुसरा : कलेक्टर बाहेर

सगळ्यात धाडसी निर्णय हाच होता.

शेकडो वर्षं नाही, पण निदान चार पिढ्या लोकांनी कलेक्टरलाच सरकार मानलं होतं. सारा तोच वसूल करायचा, दुष्काळ तोच जाहीर करायचा, शिक्षाही तोच द्यायचा. असा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसला तर समोरचा निवडून आलेला शेतकरी सदस्य त्याला उलटून बोलणार कसा?

नाईक समितीने कलेक्टरला जिल्हा परिषदेत जागाच दिली नाही. महसूल, कायदा सुव्यवस्था त्याच्याकडे राहील, विकासाची कामं परिषदेकडे जातील. अध्यक्ष असेल तो निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेला.

मग रोजचं प्रशासन कोण बघणार? त्यासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे पद आणलं, आपण ज्याला सीईओ म्हणतो ते. तोही वरिष्ठ दर्जाचा सनदी अधिकारी, पण त्याने परिषदेच्या ठरावांची अंमलबजावणी करायची. तालुक्यात त्याच्या हाताखाली गटविकास अधिकारी, म्हणजे बीडीओ.

हे सुचवणारा माणूस स्वतः महसूलमंत्री होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं. कलेक्टर हा महसूल खात्याचाच जिल्ह्यातला सर्वोच्च माणूस. म्हणजे नाईकांनी स्वतःच्या खात्याच्या हातातली सत्ता काढून दिली होती.

मुद्दा तिसरा : आमदार, खासदारही बाहेर

मेहता समितीने आमदार, खासदारांना आत घेतलं होतं. नाईक समितीने त्यांनाही दाराबाहेर ठेवलं.

आमदाराचं काम विधानसभेत. तो जिल्हा परिषदेत येऊन बसला तर त्याच्या वजनाखाली नव्या माणसाला डोकं वर काढता येणार नाही. गावपातळीवर नवं नेतृत्व तयार व्हायचं तर त्याला स्वतःचं मैदान हवं.

बरं, हा निर्णय घेणारे सगळे आमदार आणि मंत्रीच होते. त्यांनी स्वतःच्याच जिल्ह्यात स्वतःला स्पर्धक तयार करायचं ठरवलं होतं.

यंत्र सुरू झालं

अहवालाच्या आधारे महाराष्ट्र जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम, १९६१ तयार झाला. १ मे १९६२ पासून, राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी, नवी व्यवस्था लागू झाली. मुंबई सोडून राज्यातल्या २५ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा आल्या. लोकल बोर्डं, जनपद सभा, स्कूल बोर्डं सगळी इतिहासजमा झाली.

हे यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात समजून घेऊ.

जिल्ह्याचा ग्रामीण भाग मतदारसंघांमध्ये वाटलेला असतो. त्यांना आपण झेडपीचे गट म्हणतो. प्रत्येक गटातून लोक थेट मतदान करून एक सदस्य निवडतात. सदस्य मिळून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडतात.

सगळ्या सदस्यांची बसते ती सर्वसाधारण सभा. बजेटला मंजुरी तिची. पण पन्नास साठ माणसं मिळून प्रत्येक पुलाचा हिशेब बघू शकत नाहीत, म्हणून विषय समित्या असतात. अर्थ, बांधकाम, शेती, शिक्षण, आरोग्य असे एकेक विषय. त्यांचे सभापती म्हणजे जणू जिल्ह्याचे मंत्री. सगळ्यांच्या वर स्थायी समिती आणि तिचा अध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्षच. लोक झेडपीला मिनी मंत्रालय म्हणतात ते काही उगाच नाही.

एखाद्या वस्तीला रस्ता हवा असेल तर मागणी गावातून निघते, गटाचा सदस्य ती लावून धरतो, इंजिनिअर अंदाजपत्रक करतो, समिती आणि सभा मंजुरी देतात आणि सीईओची यंत्रणा काम करून घेते. माणसं निवडलेली आणि अधिकारी नेमलेले, दोघांनी एकमेकांना धरून चालायचं. जिथे अध्यक्ष आणि सीईओचं जमतं तिथे जिल्हा पळतो. जिथे जमत नाही तिथे फायली पडून राहतात. कारण सीईओ परिषदेचं काम करतो, पण त्याची बदली मात्र राज्य सरकार करतं.

पैशाचंही तसंच. जमिनीच्या साऱ्यातला वाटा आणि स्थानिक उपकर हे परिषदेचं हक्काचं उत्पन्न होतं. पण खर्चाचा मोठा भाग सुरुवातीपासून सरकारी अनुदानावरच चालला. त्यातही शिक्षकांच्या पगारासारखे खर्च आधीच ठरलेले. अधिकार जिल्ह्याला मिळाले, पण तिजोरी मुंबईतच राहिली. नाईकांनी उभ्या केलेल्या घरात ही एक फट पहिल्या दिवसापासून होती.

मुख्यमंत्री नाईक

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, पण वर्षभरातच त्यांचं निधन झालं. ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईकांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

समोर पहिला प्रश्न होता पोटाचा. राज्यात धान्य पुरत नव्हतं. नाईकांनी संकरित ज्वारी, खतं, विहिरी, बंधारे यांच्यावर जोर दिला. गावागावात बियाणं आणि माहिती पोचवायला त्यांना एक यंत्रणा आयती तयार मिळाली. ती म्हणजे जिल्हा परिषदेचा शेती विभाग, पंचायत समितीचे बीडीओ आणि विस्तार अधिकारी, गावातले ग्रामसेवक. महसूलमंत्री असताना जे पेरलं होतं, ते मुख्यमंत्री असताना कामाला आलं.

याच काळात झेडपीच्या शाळा वाड्यावस्त्यांवर पोचल्या. आज चाळिशी, पन्नाशी ओलांडलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातल्या असंख्य माणसांची पहिली पाटी जिल्हा परिषदेच्या शाळेतच फुटली आहे.

नेतृत्वाचंही तसंच झालं. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच आणि उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य होते. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून आले. नाईकांचे पुतणे सुधाकरराव नाईक गावच्या सरपंचपदापासून सुरू करून यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले आणि १९९१ मध्ये मुख्यमंत्री.

सुधाकररावांचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. तांड्यावरचा माणूस या शिडीवरून मंत्रालयात जाऊ शकतो हे त्यातून दिसतं. आणि शिडी बऱ्याचदा आधीच वजनदार असलेल्या घराजवळ उभी असते, हेही दिसतं. अनेक जिल्ह्यांत साखर कारखाना, जिल्हा बँक आणि झेडपी या तिन्ही ठिकाणी त्याच त्या घराण्यांची माणसं बसू लागली. महिला, दलित, आदिवासी, ओबीसींना मोठ्या संख्येने जागा मिळायला पुढच्या काळातल्या आरक्षणाची वाट बघावी लागली.

आणि मग चावी फिरली

१९७० मध्ये नाईक सरकारने जिल्हा परिषदांचा आढावा घ्यायला ल. ना. बोंगिरवार यांची समिती नेमली. स्वतः बांधलेल्या घराची तपासणी आठ वर्षांनी दुसऱ्याकडून करून घ्यायची, हे कौतुकाचंच. समितीने पुढच्या वर्षी २०२ शिफारशी केल्या.

पण त्याच वर्षांत दोन गोष्टी घडल्या आणि झेडपीच्या बाजूने सरळ चाललेली गाडी वळली.

पहिली गोष्ट दुष्काळाची. १९७२ चा दुष्काळ आजही गावातली जुनी माणसं विसरलेली नाहीत. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती, माती वाहत होती. यातूनच पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा आला आणि महाराष्ट्राचं देशभर नाव झालं. एवढ्या मोठ्या संकटात झटपट हुकूम देणारा एक माणूस हवा असतो. त्यामुळे या कामांची जिल्ह्यातली सूत्रं गेली कलेक्टरकडे. झेडपी काम करणारी एक यंत्रणा म्हणून होती, पण लगाम कलेक्टरच्या हातात होता.

दुसरी गोष्ट नियोजनाची. जिल्ह्याचं नियोजन जिल्ह्यातच व्हावं, असं सरकारने ठरवलं. विचार उत्तम होता आणि देशात महाराष्ट्राने त्यात पुढाकार घेतला होता. पण ते करायचं कुणी? १९७२ ते १९७४ या काळात त्यासाठी वेगळी मंडळं आली आणि त्यातून जिल्हा नियोजन आणि विकास परिषद उभी राहिली. तीच ही डीपीडीसी. अध्यक्ष मंत्री. कामकाज बघायला कलेक्टर. आणि आमदार, खासदारांना मानाची जागा.

आता १९६१ चा अहवाल आठवा. ज्या तिघांना जिल्हा परिषदेच्या दाराबाहेर ठेवलं होतं, ते तिघेही दुसऱ्या दाराने आत आले होते. आणि यावेळी त्यांच्या हातात नियोजनाच्या पैशाची चावी होती. जिल्ह्यात लोकांनी थेट निवडलेली परिषद असताना जिल्ह्याचा आराखडा तिच्या बाहेर मंजूर होऊ लागला.

हे नाईक मुख्यमंत्री असताना घडलं.

याचा अर्थ नाईकांनी मत बदललं असा काढायची घाई नको. डीपीडीसीच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच होतं. जिल्ह्यात शहरंही असतात आणि झेडपीचा अधिकार फक्त ग्रामीण भागावर. पाटबंधारे, वीज, मोठे रस्ते अशी राज्याची खातीही जिल्ह्यात काम करत असतात. या सगळ्यांना एकत्र बसवायला एक जागा हवीच होती. पण ती जागा निवडून आलेल्या झेडपी अध्यक्षाकडे न देता मंत्र्याकडे दिली गेली. दहा वर्षांत आमदारांना झेडपीतला स्पर्धक चांगलाच जाणवू लागला होता आणि मुख्यमंत्र्याला सरकार आमदारांच्या जिवावर चालवायचं असतं, हेही विसरून चालणार नाही.

शेवटची वर्षं

२० फेब्रुवारी १९७५ ला नाईक मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाण आले. १९७७ मध्ये नाईक वाशिममधून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका १९६२, १९६७ आणि १९७२ मध्ये वेळच्या वेळी झाल्या होत्या. त्यानंतरची निवडणूक १९७७ ला व्हायला हवी होती, ती झाली १९७९ मध्ये, नाईक गेले त्याच वर्षी. आणि त्याच्या पुढची? थेट १९९२ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली.

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घेणं राज्यांवर बंधनकारक झालं. ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती घटनेत आली. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि शहरांच्या संस्थांतून निवडून आलेल्यांपैकी असले पाहिजेत, अशी अट आहे. तरी महाराष्ट्रात या समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे आणि सचिवपद कलेक्टरकडे राहिलं. म्हणूनच पालकमंत्री कोण होणार यावरून दर सरकारमध्ये रुसवेफुगवे रंगतात.

आणि २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाच्या हातात गेला. प्रशासक म्हणजे तोच सीईओ, ज्याने सदस्यांच्या ठरावांची अंमलबजावणी करायची असं नाईक समितीने ठरवलं होतं. आता ठराव करणाराही तोच आणि अंमलबजावणी करणाराही तोच. वर्षानुवर्षं जिल्ह्यातल्या गटांना सदस्यच नव्हता.

शाळेचं छप्पर मात्र त्या वर्षांतही गळत होतं. तक्रार घेऊन जायला ऑफिस होतं, अधिकारी होते. फक्त ज्याला पुढच्या निवडणुकीत मत मागायला त्याच गावात यायचं आहे, असा माणूस त्या खुर्चीत नव्हता.

१९६१ मध्ये पुसदच्या एका माजी नगराध्यक्षाने नेमकी हीच खुर्ची तयार केली होती. कृषी दिनाला नाईकांचे फोटो स्टेटसला लागतात, ते लागायलाच हवेत. त्याच दिवशी आपल्या गटाचा झेडपी सदस्य कोण आणि जिल्ह्याच्या आराखड्यात आपल्या गावासाठी काय धरलंय, एवढं जरी विचारलं तरी त्यांचं निम्मं काम पुढे जाईल.